काळं अडीच मीटर, मरून एक मीटर

पहाटे ४.२०
देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून येते ती अशा अवेळी, आणि संभाजीनगर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांचा दिवस तिच्यापासूनच सुरू होतो. सगळे ज्यांना मामा म्हणतात त्यांची रिक्षा रांगेत चौथी. आज सीटचं काम काढायचंय, म्हणजे गाडी दिवसभर उभी राहणार. त्याआधी दोन-तीन भाडी मारून घ्यायची. पेट्रोल आणि चहापाणी तरी निघालं पाहिजे.

पहिलं भाडं सिडकोचं. नवरा-बायको, दोन बॅगा, खांद्यावर झोपलेलं पोर. बाई आत बसता बसता थांबते. मागच्या सीटच्या डाव्या कडेला रेक्झिन फाटून फोम बाहेर आलाय. त्यावर मामांनी खाकी टेप मारली होती, तीही सुटलीय. बाई ओढणी खाली घेऊन बसते. बोलत काही नाही.

"बोलत कोणीच नाही," मामा नंतर म्हणाले. "पण उतरल्यावर मागून कपडे झटकतात. आरशात दिसतं ना."

सकाळी ७.०५
तीन भाडी झाली. हातात तीनशे सत्तर रुपये, त्यातलं शंभराच्या वर पेट्रोल जळालं. क्रांती चौकात अजून गर्दी नाही. उड्डाणपुलावरून चिकलठाण्याकडे कंपन्यांच्या बस चालल्यात. शिवाजी महाराजांचा पुतळा चौथऱ्यासकट बावन्न फुटांचा, त्यामुळे ऊन आधी त्याच्यावर येतं आणि मग खाली रस्त्यावर उतरतं. हा नवा पुतळा २०२२ च्या फेब्रुवारीत बसला. मामा या चौकात त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

चौकातून पैठण गेटकडे जाताना सिल्लेखाना लागतो. त्या बाजूच्या एका बोळात सीट शिवणाऱ्या उस्तादांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, एक पायमशीन आणि दारापुढे लिंबाचं झाड. मामा झाडाखाली रिक्षा लावतात. काम स्वतः करायचं, उस्तादांकडून फक्त शिलाई घ्यायची, असं ठरलंय. शिलाईचे चारशे. सगळी सीट करून घेतली असती तर बेचाळीसशे सांगितले होते.

मे महिना मुद्दाम निवडलाय. एक तर शाळांना सुट्टी, त्यामुळे मुलांच्या ठरलेल्या फेऱ्या बंद. दुसरं, पासिंग जवळ आलंय. रिक्षा २०१३ ची. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढे दरवर्षी. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये, असा दंड वसूल होऊ लागला तेव्हा २०२४ मध्ये राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले होते आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली होती. मामा तेव्हापासून तारीख चुकवत नाहीत. तिसरं कारण ऊन. ते दुपारी कळेल.

सकाळी ७.३०
बोल्ट. मागच्या सीटचे दोन सुटतात, दोन सुटत नाहीत. तेरा नंबरचा पाना लावून मामा जोर करतात, पाना घसरतो, बोटाचं सालपट निघतं. ते बोट तोंडात घालतात आणि दुसऱ्या हाताने बोल्टवर रॉकेलचे थेंब सोडतात. आता रॉकेल मिळतं कुठे, असं मी विचारलं. "ठेवलंय," एवढंच उत्तर.

रॉकेल मुरेपर्यंत चहा. उस्ताद अजून यायचेत. त्यांच्या हाताखालचा पोरगा शटर उघडून झाडू मारतोय. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. रोज साडेतीनशे आणि दुपारचं जेवण.

पाऊण तासाने बोल्ट हलतो. सीट उचलली तशी खालून बारा महिन्यांचं शहर निघतं. शेंगांची टरफलं, बसची तिकिटं, पेनाची टोपणं, गुटख्याच्या पुड्या, एक कानातलं, औषधाची अर्धी पट्टी. चिल्लर वेगळी काढली. तेवीस रुपये. कानातलं मामा नखाने घासून बघतात. पितळ. तरी ते खिशात टाकतात.

सकाळी ८.४०
जुनं कव्हर उतरवणं हे या कामातलं सगळ्यात घाण आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. सीट उलटी करायची. खाली प्लायवूडची फळी, तिच्या कडेने रेक्झिन ओढून बारीक चुका मारलेल्या. एकेक चूक स्क्रूड्रायव्हरने उचकायची आणि पकडीने ओढायची. निम्म्या गंजून मोडतात. मोडलेल्या आत ठोकून टाकायच्या, नाहीतर नवं रेक्झिन त्यांच्यावर कापलं जातं.

फाडायचं मात्र नाही. घाईत लोक इथेच जुनं कव्हर ओरबाडून फेकतात आणि मग मापाला बसतात. जुनं कव्हर हेच माप. मामा ब्लेडने टाका टाका उसवतात. वरचा तुकडा, पुढची पट्टी, दोन कान. प्रत्येकाच्या उलट बाजूला खडूने लिहितात: पुढे, मागे, डावा, उजवा. जिथे दोन तुकडे एकमेकांना भेटत होते तिथे आडवी रेघ. शिवताना ही रेघ रेघेला लागली की तुकडा तिरका जात नाही.

उघड्या सीटकडे पाहिलं की धंदा वाचता येतो. रिक्षाच्या उजव्या बाजूला दांडी, माणसं चढतात ती डावीकडून. म्हणून रेक्झिन आधी फाटतं ते डाव्या पुढच्या कोपऱ्यावर. प्रत्येक जण तिथूनच घसरत आत जातो. उजवा कोपरा अजून नवा वाटतो, त्यावरची कंपनीची चमकही शाबूत आहे. फोममध्ये तीन खड्डे हवेत, कारण सीट तिघांची. इथे खड्डे नाहीतच. मधला सगळा भाग सारखा दबलाय. शेअरमध्ये चौथा बसतो तेव्हा कोणीच आपल्या जागेवर नसतं.

फोमचा खालचा थर भुगा झालाय. हात लावला की पिवळी पूड बोटाला चिकटते, नाकात जाते. मामा रुमाल बांधतात. फळीचा मागचा डावा कोपरा पावसाच्या पाण्याने कुजून पापुद्रे सुटलेत. याचा खर्च हिशेबात धरला नव्हता.

सकाळी ९.५०
रेक्झिनचं दुकान. भिंतीला टेकून उभे रोल. काळा, मरून, तपकिरी, वाघाचे पट्टे, निळ्यावर सोनेरी नक्षी. मालक नक्षीवाला रोल पुढे ओढतो. मामा नको म्हणतात. त्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात. आधी रेक्झिन चिमटीत धरून उलट दुमडतात, पांढरी रेघ उमटते का ते बघायला. उमटली तर त्या घडीवर ते लवकर तडकणार. मग मागचं कापड बघतात. विणीचं हवं, ताणलं तर थोडं सुटणारं. नुसत्या जाळीचं रेक्झिन कोपऱ्यावर फाटतं.

पन्हा चौपन्न इंच. हिशेब मामांनी रात्रीच वहीत मांडलाय. बसायची सीट अठ्ठेचाळीस बाय वीस, चार इंच जाड. दोन्ही अंगांना चार-चार उतार आणि खाली दोन-दोन दुमड धरली तर लांबी साठ इंच, रुंदी बत्तीस. पाठीची सीट सोळा इंच उंच, दोन इंच जाड. तिला दुमड कमी धरून रुंदी बावीस. बत्तीस आणि बावीस, चौपन्न. पन्ह्यात बरोबर बसतं. काळं अडीच मीटर घेतलं की ड्रायव्हरच्या सीटचंही निघतं. मधल्या पट्ट्याला आणि पायपिंगला मरून एक मीटर. दोनशे चाळीसचा दर, आठशे चाळीस झाले.

खरी गंमत फोमला. बहात्तर बाय छत्तीसचा, दोन इंची ताव. "चाळीस डेन्सिटी. बाराशे," मालक म्हणतो. अंगठा दाबून दाखवतो, फोम लगेच वर येतो. नवा फोम कुठलाही असो, दुकानात वरच येतो. सहा महिन्यांनी काय करतो हा प्रश्न.

मामा म्हणतात, "काट्यावर ठेवा."

दुकानात काटा आहे, कारण कापलेल्या फोमचा चुरा किलोवर विकतात. मालक हसतो. "फोम कोणी वजनावर घेतं का मामा?"

"घेत नाही. ठेवा फक्त."

डेन्सिटी म्हणजे दुसरं काही नाही. एक घनमीटर फोमचं किलोत वजन. या मापाचा ताव खरंच चाळीसचा असेल तर तीन किलो चारशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. बत्तीसचा असेल तर दोन किलो सातशे. घडी करून, सुतळी बांधून ताव काट्यावर जातो. दोन सातशे वीस.

मालक काट्याकडे बघतो, मग पोराकडे. "अरे, आतला काढ." आतून दुसरा ताव येतो. तीन तीनशे ऐंशी. दर तोच, बाराशे. पहिला ताव मुकाट्याने परत जाग्यावर उभा राहतो, पुढच्या गिऱ्हाईकासाठी.

मामांना हे कोणी शिकवलं? वाळूजला एका वर्कशॉपमध्ये ते तरुणपणी हेल्पर होते. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला. त्याच्याभोवती लहान-मोठ्या शेडचं जे गाव उभं राहिलं, त्यातलीच ती एक शेड. तिथे येणारा माल आधी काट्यावर जायचा, मग रजिस्टरमध्ये. मामांची रिक्षाही त्याच कारखान्यातली. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर जन्मली आणि त्याच टापूत झिजली.

सोल्युशनचा डबा एकशे तीस. चुका चाळीसच्या. सुताराकडून प्लायचा तुकडा ऐंशीला. नवे बोल्ट-वॉशर चाळीस.

सकाळी १०.५०
ताव जमिनीवर, बोळात, पोत्यावर. एका टोकाचे चोवीस इंच कापून वेगळे. उरला अठ्ठेचाळीस बाय छत्तीस. त्यात वीसची बसायची सीट, सोळाची पाठ. एक चिंधीही वाया नाही. वेगळ्या काढलेल्या चोवीस बाय छत्तीसमधून ड्रायव्हरची सीट.

फोम कापायला कात्री चालत नाही, कड चेपते आणि तिरकी जाते. मामा हॅक्सॉचं ब्लेड नुसतं हातात घेतात, एका टोकाला चिंधी गुंडाळून. पट्टी दाबून धरायची आणि ब्लेड आडवं, लांब-लांब ओढायचं. जोर द्यायचा नाही. खर्र-खर्र आवाज येतो आणि कड काचेसारखी सरळ निघते.

जुना फोम पूर्ण टाकत नाहीत. भुगा झालेला थर खरवडून काढला की दोन इंच बरा उरतो. तो उलटा करून खाली, नवा वर. "खालचा कडक, वरचा मऊ," मामा म्हणतात. "दोन्ही मऊ ठेवले तर माणूस फळीवर बसतो."

सकाळी ११.२०
उस्ताद आले. साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जुने तुकडे नव्या रेक्झिनच्या पाठीवर पसरतात आणि मामांची वही बघतात.

"हिसाब तो बराबर है भाऊ. बत्तीस और बाईस. पण शिलाई का आधा इंच किधर से लाते?"

मामा गप्प. वहीत शिलाई नाही. तुकडा कापून पुन्हा जोडला की प्रत्येक जोडाला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच दाबणीत जातो.

उस्ताद मरून कापडाकडे बोट करतात. मधला पट्टा सहा इंचांचा ठरला होता, तो आठचा करायचा. काळ्याची तूट मरूनमध्ये भरून निघते. दिसायलाही बरं. मामा मान हलवतात. या एका वाक्याचे चारशे, शिलाई त्यावर फुकट, असं मला वाटलं.

मशीनला एकवीस नंबरची सुई, नायलॉनचा दोरा. उस्ताद टाक्याची मूठ फिरवून मोठ्यावर नेतात. पोराला बोलावून दाखवतात, कारण तो कालच चुकला होता. कापडाला बारीक टाका मजबूत. रेक्झिनला उलटं. रेक्झिनमध्ये पडलेलं भोक बुजत नाही. बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते आणि ताण आला की त्याच ओळीवर फाटतं. इंचाला सहा टाके, फार तर सात.

पायपिंग आधी. मरूनची दीड इंची पट्टी, मध्ये प्लास्टिकची दोरी, दुमडून एका बाजूने टीप. मग ती वरच्या तुकड्याच्या कडेला. कोपऱ्यावर पट्टीला तीन काप द्यायचे, नाहीतर वळत नाही. पाय पावट्यावर, डावा हात कापडाच्या मागे, उजवा पुढे. उस्ताद कापड ढकलत नाहीत, मशीन जेवढं ओढतं तेवढंच जाऊ देतात. जाड जागी, जिथे चार पदर एकत्र येतात, तिथे पाय थांबतो आणि हाताने चाक फिरवून टाका घेतात. टक. टक. टक. मग पुन्हा पाय.

मधल्या पट्ट्याला मागून पातळ फोम लावून उभ्या शिवणी. दर दोन इंचांना एक. खडूच्या रेघेवरून मशीन सरळ जातं. सगळी शिलाई तासाभरात उरकली. सीटचं काम म्हणजे शिवणकाम असं लोक समजतात. दिवसातला सगळ्यात छोटा भाग तो.

मी विचारलं, सगळेच असं स्वतः करायला लागले तर? उस्ताद सुईत दोरा ओवतात. "करने दो ना. मशीन तो मेरे पास ही आना पडता." मग थोड्या वेळाने, "नई गाडी का सीट कंपनी से ही ठीक आता. पुरानी गाडी जबतक चलती, मेरा चलता."

दुपारी १२.४०
आता ऊन. रेक्झिन गार असताना ताठ असतं, ताणलं तर ताणत नाही आणि सुरकुती जात नाही. तापलं की मऊ पडतं. मोठ्या दुकानांत त्यासाठी गरम हवेचा ब्लोअर वापरतात. मामांकडे संभाजीनगरचा मे महिना आहे. शिवलेली कव्हरं ते रिक्षाच्या टपावर उलटी पसरतात, वर दोन विटा. पारा एक्केचाळीसच्या पुढे गेलेला. अर्ध्या तासात हात ठेववत नाही.

तोवर जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, वांग्याची कोरडी भाजी. पोरगा उस्तादांच्या डब्यातलं खातो, मामा त्याला अर्धी भाकरी देतात.

चौकातून भोंग्याचा आवाज येतोय. कोणाचं तरी धरणं आहे. क्रांती चौक आणि आंदोलन यांचं नातं जुनं. १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या घोडदळाने बंड केलं, त्या शिपायांना जिथे मारलं तो काळा चबुतरा इथेच जवळ. मराठा क्रांती मोर्चाची सुरुवातही ९ ऑगस्ट २०१६ ला याच चौकातून झाली. त्या दिवशी मामा कुठे होते? "मोर्चात. गाडी लावून दिली घरी. रस्त्यावर चालायलाच जागा नव्हती, रिक्षा कुठे घालता?" आणि बाकीच्या मोर्चांना? "बाकीच्यांना जालना रोड जाम होतो. एक भाडं जातं." धरणं कशाचं आहे ते बघायला आज कोणी उठलं नाही.

दुपारी १.२५
कुजलेला कोपरा कापून तिथे नवा प्लाय, खालून पट्टी मारून. मग सोल्युशन. फळीला एक हात, फोमला एक हात, ब्रशने पातळ. लगेच चिकटवायचं नाही. बोट लावलं तर चिकटलं पाहिजे पण ओलं लागता कामा नये. दहा-बारा मिनिटं. उन्हात सहाच लागतात. वास डोक्यात जातो, म्हणून हे काम बाहेर. मग जुना फोम फळीवर, नवा त्याच्यावर. एकदा टेकला की सरकत नाही, त्यामुळे दोघांनी दोन टोकं धरून मधून खाली सोडायचा. पोरगा धरतो. पुढची कड मामा ब्लेडने थोडी गोल करतात, मांडीखाली धार लागू नये म्हणून.

दुपारी २.००
ओढणं. यासाठी सकाळपासून सगळं चाललं होतं.

टपावरून कव्हर उचललं, अक्षरशः पळत आणलं. गार व्हायच्या आत बसवायचं. फोमवर टाकून दोन्ही हातांनी कडेकडून खाली ओढायचं, मग सीट उलटी. पहिली चूक पुढच्या कडेच्या बरोबर मध्ये. दुसरी मागच्या कडेच्या मध्ये. तिसरी-चौथी दोन्ही बाजूंच्या मध्ये. एका टोकाकडून मारत गेलं तर सगळी सुरकुती दुसऱ्या टोकाला गोळा होते आणि ती मग देवालाही काढता येत नाही. मध्यापासून बाहेर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इंचाला एक चूक. कोपरे शेवटी.

मामांच्या तोंडात चुका, ओठांत एकेक पुढे येते. डाव्या हाताने रेक्झिन ओढून अंगठ्याने दाबायचं, उजव्या हातात छोटी हातोडी. पोरगा गुडघ्याने सीट दाबून धरतो. शर्ट पाठीला चिकटलेत. बोलणं बंद.

डाव्या कोपऱ्यावर घडी पडते. मामा बघतात, उस्ताद मशीनवरून बघतात. "निकालो," उस्ताद म्हणतात. सात चुका परत काढल्या. रेक्झिन पुन्हा उन्हात, पाच मिनिटं. दुसऱ्यांदा घडी दोन भागांत वाटली, एक पुढे एक बाजूला, दोन्ही खाली दबल्या. आता वरून काही दिसत नाही. ज्या कोपऱ्यावरून लोक घसरत आत जातात तिथे मामांनी आतून रेक्झिनचा एक जादा तुकडा घातलाय. तो मापात नव्हता, जुन्या कव्हरातही नव्हता. कंपनीला कळलं नाही ते बारा वर्षं भाडं मारणाऱ्याला कळलं.

दुपारी ३.३०
पाठीची सीट वीस मिनिटांत होते. ती सपाट आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सायंकाळी ४.१०
ड्रायव्हरची सीट. उरलेल्या तुकड्यातून दोन थर. दिवसाचे बारा-बारा तास बसतात ती हीच, पण तिला उरलंसुरलंच मिळतं. मामांची कंबर धरते, डॉक्टरने पट्टा सांगितलाय. मी म्हटलं, इथे तरी तीन थर घाला. मामा म्हणतात, "उंच झाली तर क्लचला हात पुरत नाही नीट. आणि शेजारी कोणी बसलं तर त्याचं डोकं टपाला लागतं." शेजारी बसवायची परवानगी नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

सायंकाळी ५.००
फिटिंग. बोल्टला ग्रीस. मागची सीट जागेवर जाताना अडते, कारण ती आता आधीपेक्षा एक इंचाने जाड आहे आणि नवा फोम अजून बसलेला नाही. पोरगा आणि मामा मिळून ढकलतात, खांद्याने. खट्ट.

उस्ताद येऊन बसतात. मध्ये नाही, डाव्या कोपऱ्यावर. दोनदा उठून बसतात. कडेवरून हात फिरवतात. शिवण बोटाला लागत नाही. "दस दिन मत धोना," एवढं सांगून परत मशीनवर. तिथे बुलेटची सीट वाट बघतेय.

सायंकाळी ५.३५
वहीच्या त्याच पानावर:

रेक्झिन ८४०
फोम १२००
सोल्युशन १३०
चुका ४०
प्लाय ८०
बोल्ट-वॉशर ४०
शिलाई ४००
चहा ४०

एकूण २७७०. सांगितलेले बेचाळीसशे. वाचले चौदाशे तीस. मी म्हटलं, पण दिवस गेला ना? दिवसाला पेट्रोल वजा जाता सहा-सातशे सुटतात, ते धरा. मामांनी धरले नाहीत. दुकानात टाकली असती तरी गाडी दीड दिवस उभीच राहिली असती, आणि मामांनी काय तिथे बाकड्यावर बसून पेपर वाचला असता? शिवाय कव्हर चढवल्यावर आत कुठला फोम भरलाय ते कोण बघतं? त्यांचं म्हणणं मला पटलं. हातातली मजुरी हिशेबात धरत नाहीत, हे तेवढं पटलं नाही. पण ती धरली तर हा धंदाच हिशेबात बसत नाही.

पोराला पन्नास रुपये वेगळे दिले. ते वहीत नाहीत.

सायंकाळी ६.०५
ऊन उतरलं. चौकात सिडकोकडे जाणाऱ्यांची गर्दी. स्मार्ट सिटीची बस भरून गेली. मामा रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतात. "सिडको, सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी." दोन कॉलेजच्या मुली, मग एक पिशवीवाले काका. तीन झाले. मामा निघत नाहीत. चौथा येतो, ऑफिसातला. तिघं सरकतात. काकांचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात, सीट उंच झाल्यामुळे. ते म्हणतात, "मामा, गाडी नवीन घेतली का?"

"नाही हो. २०१३ ची."

वीस-वीस रुपयांच्या चार सीट. पासिंग पुढच्या गुरुवारी आहे. तिथे दिवे, ब्रेक, मीटर, इन्शुरन्स सगळं बघतील. फोम कोणी काट्यावर ठेवणार नाही. तुमच्या गाडीची सीट करायला टाकाल तेव्हा तो तुम्हीच ठेवायला सांगा. सहा बाय तीन फुटांचा, दोन इंची, चाळीसचा ताव असेल तर तीन किलो चारशे. आणि काम पावसाच्या आधी काढा.